मांद्र्याचे भाऊ दाजी, गिरनारची शिळा आणि १८६५ चे वायदे

पेडणे तालुक्यातील मांद्रे गावाने मुंबईला दिलेल्या माणसांत रामकृष्ण विठ्ठल लाड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जन्म १८२२ चा. मुंबईने त्यांना डॉ. भाऊ दाजी म्हणून ओळखले आणि आजही त्याच नावाने ओळखते. वैद्यक, संस्कृत विद्या, पुराणवस्तुसंशोधन, स्त्रीशिक्षण, मराठी रंगभूमी आणि राजकारण या साऱ्या क्षेत्रांत एकाच आयुष्यात पाऊल ठेवणारा हा गोमंतकीय वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी शेअरच्या सट्ट्यात धुतला गेला. चरित्रकार ही गोष्ट सहसा एका वाक्यात उरकतात. थोर माणसाच्या आयुष्यातील तो एक डाग, अशीच बहुधा त्यामागची समजूत असावी. मला मात्र तेथे थांबावेसे वाटते, कारण पुराव्याची पारख हाच ज्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता, त्यांना ज्या आकड्यांनी फसवले ते आकडे आजही रोज संध्याकाळी छापले जातात.

लहानपणी भाऊंचे बुद्धिबळातील कौशल्य एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडले आणि मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे असा आग्रह त्याने वडिलांपाशी धरला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच ते अध्यापक झाले. काठेवाड आणि कच्छ येथील बालकन्याहत्येच्या रूढीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले. ग्रँट मेडिकल कॉलेज निघाल्यावर शिक्षकी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि त्या महाविद्यालयाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत बाहेर पडले. १८५१ पासून त्यांनी मुंबईत स्वतंत्र वैद्यकी आरंभली. बंधू नारायण दाजी हेही डॉक्टरच. पैसा भरपूर आला. त्या पैशातून हस्तलिखिते, नाणी आणि ताम्रपट यांची खरेदी होत राहिली.

संस्कृत वैद्यक ग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण वर्णिले आहेत, ते खरोखर आहेत की नाहीत हे भाऊ रुग्णांवर पडताळून पाहत. कडू कवठाच्या बियांचा कुष्ठरोगावरील उपयोग हा त्यांच्या अशा प्रयोगांतील सर्वांत गाजलेला. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, असे ते मानीत नसत. आणि ग्रंथात लिहिले आहे म्हणून खोटे, असे म्हणणाऱ्या त्या काळच्या नव्या विद्वानांतही ते बसत नसत. १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात ते करसनदास मुळजी यांच्या बाजूने साक्षीस उभे राहिले. जदुनाथजी महाराजांच्या व्याधीविषयी वैद्य म्हणून जे ठाऊक होते ते त्यांनी न्यायालयात सांगितले. वल्लभ संप्रदायाचे धनाढ्य अनुयायी मुंबईच्या व्यापारात सर्वत्र होते. त्यांना दुखावणे हे काही लहानसहान धाडस नव्हते.

त्यांच्या संशोधनाची रीत समजण्यासाठी गिरनारचे उदाहरण पुरेसे आहे. जुनागढजवळच्या गिरनार पर्वताच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर अशोक, क्षत्रप रुद्रदामन आणि स्कंदगुप्त या तिघांच्या काळचे लेख आहेत. जेम्स प्रिन्सेप यांनी रुद्रदामनचा लेख १८३८ मध्ये प्रसिद्ध केला होता, पण तो दुसऱ्याने घेतलेल्या ठशावरून. आणि ठसा सदोष होता. भाऊंनी जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या विशीतील तरुणाला हाताशी धरले, मूळ दगडावरून नवी प्रत करवून घेतली आणि तिच्या आधारे रुद्रदामन व स्कंदगुप्त यांच्या लेखांचे वाचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापले. ठशात जे अक्षर दिसते ते दगडावर असेलच असे नाही, हे तत्त्व त्यांनी कालिदासाच्या काळासंबंधीच्या निबंधात आणि अजिंठ्याच्या लेखांच्या वाचनातही पाळले. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचा काळ व अस्सलपणा तपासणारा निबंध आला. एकाच नावाच्या दोन आर्यभटांची गल्लत विद्वानांत चालत होती. ती मूळ हस्तलिखिते मिळवून भाऊंनी सोडवली.

आणि तेच १८६५ साल.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तो पुरवण्याची पाळी मुंबईवर आली. वऱ्हाड, खानदेश, भडोच आणि वडोदरा या काळ्या मातीच्या मुलखांतून कापूस मुंबईकडे लोटला. १८६४ च्या अखेरीस अहमदाबाद, वडोदरा, मुंबई असा लोहमार्गही जोडला गेला. युद्धाच्या चार वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा जादा म्हणून मुंबईत जो पैसा आला, त्याचा जुन्या ग्रंथांतील अंदाज सात-आठ कोटी पौंडांचा आहे. एवढा पैसा ठेवायचा कोठे? कंपन्या निघाल्या. १८६५ च्या आरंभी एकट्या मुंबईत ३१ बँका आणि १६ वित्तसंस्था होत्या, शिवाय समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या ८ कंपन्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला शेअर पन्नास हजार रुपयांच्या अधिमूल्यावर जाऊन पोहोचला. या साऱ्याच्या केंद्रस्थानी सुरतेचे प्रेमचंद रायचंद होते. त्यांच्या एका चिठ्ठीवर बँक ऑफ बॉम्बे कर्ज देई आणि तारण म्हणून पुन्हा शेअरच ठेवून घेई.

यांतील बरेच व्यवहार रोखीचे नव्हते. ते वायद्याचे होते. अमुक शेअर अमुक भावाने १ जुलै १८६५ रोजी घेईन, असा करार आज करायचा, पैसा त्या दिवशी द्यायचा. मधल्या काळात भाव चढला की करार तिसऱ्याला विकायचा. टाउन हॉलच्या परिसरात, झाडाखाली दलालांचा घोळका जमे. तोंडातोंडी सौदे होत. आणि शहराला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जो दिसे तो एक आकडा. आपली संपत्ती किती, हे त्या आकड्यावरून माणूस ठरवी. नाना शंकरशेट यांच्यापासून मोठ्या पगाराच्या इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत सगळे या व्यवहारांत होते. भाऊ दाजीही होते.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. ती बातमी आल्यावर कापूस घसरला आणि कापसामागून सारे काही. १ जुलैच्या देण्याघेण्याच्या दिवशी देणारे अनेक आणि घेणारा जवळजवळ कोणीच नाही, अशी स्थिती झाली. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांना मिळू लागला. दिवाळखोरीची प्रकरणे इतकी साचली की त्यांच्यासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. नाना शंकरशेट ३१ जुलैला वारले. भाऊ दाजींनी चौदा वर्षांच्या वैद्यकीत मिळवलेली संपत्ती गेली.

या उलथापालथीविषयी दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये पुस्तक लिहिले. मुंबईत चाललेल्या लोभाचे चित्र त्यात पुरेपूर आहे. परंतु भाऊंच्या बाबतीत केवळ लोभ हे उत्तर मला अपुरे वाटते. दलालांच्या घोळक्यात दिवस काढणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता. त्यांच्यापर्यंत पोहोचत होता तो ठसा. मूळ दगड कोठे होता?

आज हाच प्रश्न अगदी वेगळ्या वेषात समोर येतो. ज्या वडोदऱ्याचा कापूस तेव्हा मुंबईला जात होता, त्याच्या दक्षिण अंगाला मकरपुरा आहे. १८७० च्या सुमारास खंडेराव गायकवाडांनी तेथे राजवाडा बांधला. आता तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. त्या वसाहतीतील एका कारखान्यात माझा मावसभाऊ अभियंता आहे. पाळी संपली की तो संगणकावर शेअर खरेदी-विक्रीचे नियम तपासत बसतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांचे दिवसअखेरचे भाव फुकट मिळतात. वीस दिवसांच्या सरासरीने पन्नास दिवसांची सरासरी ओलांडली की घ्यायचे, उलट झाले की विकायचे, असा एखादा नियम त्या भावांवर चालवून पाहायचा आणि किती नफा झाला असता ते काढायचे. याला बॅकटेस्टिंग म्हणतात. गोव्यातही पणजीपासून काणकोणपर्यंत हा उद्योग करणारी तरुण मुले आता कमी नाहीत. मावसभावाचा नियम कागदावर फार सुंदर चालतो. त्याच्या खात्यात तो तसा चालत नाही. का, हे त्याने मला एका संध्याकाळी फोनवर समजावून सांगितले आणि ऐकता ऐकता मला १८६५ आठवत राहिले.

दिवसअखेरच्या नोंदीत एका शेअरचे चार भाव असतात: पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा. यांतील शेवटचा भाव हा शेवटच्या सौद्याचा असतो असे आपण समजतो. राष्ट्रीय शेअर बाजारात वर्षानुवर्षे जो आकडा त्या नावाने नोंदला गेला, तो शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची, संख्येच्या प्रमाणात काढलेली सरासरी आहे. म्हणजे ज्या भावावर संगणक खरेदी झाली असे धरतो, त्या भावाने कदाचित एकही सौदा झालेला नसतो. त्याहून मोठी गंमत अशी की नियमाला निर्णय घेण्यासाठी लागणारी सरासरी त्या शेवटच्या भावावाचून निघत नाही आणि तो भाव निघतो तेव्हा बाजार बंद झालेला असतो. संगणकाला हे अडचणीचे वाटत नाही. तो संध्याकाळचे ज्ञान घेऊन दुपारी खरेदी करतो. माणसाला दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावे लागते आणि रात्रीतून भाव उडी मारून बसलेला असतो.

वरचा आणि खालचा भाव नोंदलेला असतो. त्यांतला आधी कोणता आला ते नोंदलेले नसते. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागले त्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के खाली बंद झाला. मधल्या वेळेत तो आठ टक्क्यांहून अधिक कोसळला होता. केवळ शेवटचा भाव पाहणाऱ्या नियमाला ती मधली दरी दिसतच नाही. उसन्या पैशावर सौदा करणाऱ्याला मात्र दलालाचा फोन त्या दरीतच येतो. आणि चारही भाव पाहणारा नियम तरी काय करणार? एकाच दिवसाच्या कक्षेत नफ्याची पातळीही येते आणि स्टॉपलॉसही येतो. आधी नफा झाला असे धरले तर नियम यशस्वी, आधी तोटा धरला तर फसवा. बहुतेक जण काय धरतात हे सांगायला नको.

मग लोअर सर्किट. एखाद्या शेअरला दिवसाची पाच टक्क्यांची मर्यादा असते, बातमी वाईट येते, सकाळीच शेअर मर्यादेला जाऊन टेकतो आणि विकणाऱ्यांची रांग लागते, घेणारा नाही. संध्याकाळी नोंद होते ती पाच टक्क्यांच्या घसरणीची. संगणक त्या भावाला हजार शेअर विकून मोकळा होतो. ८७ रुपयांचा बँक ऑफ बॉम्बेचा शेअर आपल्याला आज कोष्टकात दिसतो. २,८५० आणि ८७ यांच्या मधल्या प्रत्येक पायरीवर आपण बाहेर पडू शकलो असतो, असे ते कोष्टक सुचवते. १८६५ च्या उन्हाळ्यात त्या पायऱ्यांवर कोणीही घेणारा उभा नव्हता.

वायद्यांत तर याहून वाईट. समजा, त्या वर्षी एखाद्याने मंदीचा अचूक अंदाज बांधला होता आणि १ जुलैचे वायदे चढ्या भावाने विकून ठेवले होते. जुन्या वर्तमानपत्रांतील भाव जुळवून हिशेब केला तर हा माणूस मुंबईतील सर्वांत श्रीमंत निघेल. प्रत्यक्षात ज्यांनी त्याच्याकडून घेण्याचे कबूल केले होते ते सगळे दिवाळखोर झाले. बरोबर ठरूनही त्याच्या हाती काही लागले नसते. भावाच्या नोंदीत समोरच्या माणसाची पत नोंदलेली नसते. आजच्या बाजारात ही हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन देते, ही सुधारणा निःसंशय मोठी आहे. बाकीच्या उणिवा मात्र तशाच राहिल्या आहेत.

मावसभावाला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट होती यादीची. त्याने नियम तपासला तो आजच्या निफ्टीतील पन्नास कंपन्यांवर, पंधरा वर्षे मागे जाऊन. पण त्या आज यादीत आहेत त्या टिकल्या आणि वाढल्या म्हणूनच. जानेवारी २००९ मध्ये हिशेबातील घोटाळा उघड होताच सत्यम यादीतून गेली, मार्च २०२० मध्ये येस बँक गेली. डीएचएफएलचे शेअर तर २०२१ मध्ये शून्य किमतीला बाजारातून काढले गेले. वाचलेल्यांवरच घेतलेली ही परीक्षा आहे. १८६५ लाही हीच कसोटी लावून पाहावी. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली, त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली, ती १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि त्या वाटेने १९५५ मध्ये स्टेट बँकेत आली. आजच्या यादीवरून मागे जाणाऱ्याला त्या काळच्या मुंबईतील एवढीच एक वंशावळ सापडेल आणि मुंबईच्या बँका फार टिकाऊ होत्या असा निष्कर्ष तो काढील. उरलेल्या तीसचे काय झाले?

बोनस आणि विभाजनाची भानगड तुलनेने साधी आहे. रिलायन्सने २०१७ आणि २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. भाव जुळवून न घेतल्यास एका रात्रीत शेअर निम्मा झालेला दिसतो आणि नियम घाबरून विकतो. दलाली, मुद्रांक, आणि घेताना व विकतानाही ०.१ टक्का व्यवहार कर, हे सारे वजा केल्यावर वारंवार उलाढाल करणाऱ्या नियमाचे काय उरते ते पाहण्याचा कंटाळा मावसभावानेही बरेच दिवस केला. आणि वीस-पन्नास दिवसांची सरासरी तरी त्याला कोठून सुचली? आधी दहा-तीस, पंधरा-चाळीस, अठरा-पंचेचाळीस अशा जोड्या चालवून झाल्यावर जी उत्तम दिसली ती त्याने ठेवली. शंभर जोड्यांतून एखादी निव्वळ योगायोगाने उत्तम दिसणारच.

गिरनारच्या शिळेवरील जे लेख भाऊ दाजींनी वाचले त्यांचा विषय एका धरणाचा आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधलेले सुदर्शन तळ्याचे ते धरण अशोकाच्या काळी सुधारले गेले आणि शतकानुशतके टिकले. इ. स. १५० च्या सुमारास वादळी पावसात ते फुटले. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल, असे मोजमाप रुद्रदामनच्या लेखात दिले आहे. त्याने ते पूर्वीपेक्षा भक्कम बांधवले. स्कंदगुप्ताच्या काळी ते पुन्हा फुटले. शिळेवर भगदाडाची मापे कोरणाऱ्या त्या राजाच्या अधिकाऱ्यांचे मला नेहमी कौतुक वाटते. दिवसअखेरच्या कोष्टकात अशा मापांना रकाना नसतो.

संपत्ती गेल्यावर भाऊ दाजी नऊ वर्षे जगले. ही नऊ वर्षे मला आधीच्या वर्षांहून मोलाची वाटतात. सट्ट्याने धुतलेल्या माणसाला मुंबईने तोंड फिरवले असते तर नवल नव्हते. तसे झाले नाही. १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. दवाखाना चालू राहिला. बॉम्बे असोसिएशनच्या राजकारणाशी असलेला संबंध सुटला नाही आणि मुलींच्या शाळांचा पाठपुरावाही सुटला नाही. भगवानलाल इंद्रजींना त्यांनी राजस्थान, उत्तर हिंदुस्थान आणि पुढे नेपाळपर्यंत शिलालेखांच्या शोधात पाठवले, तेही याच काळात. पैशाची चणचण असताना लेखांचे ठसे, नाण्यांची खरेदी आणि एका सहकाऱ्याचा प्रवास यांवर होणारा खर्च त्यांनी आवरता घेतला नाही. प्रेमचंद रायचंदही पुढे सावरले. त्यांनी मातोश्रींच्या नावाने दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. ते १९०६ पर्यंत जगले. भाऊंना तेवढे आयुष्य लाभले नाही.

जॉर्ज बर्डवुड आणि नाना शंकरशेट यांच्यासह ज्या वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी वर्गणी जमवली होती, त्याची पायाभरणी नोव्हेंबर १८६२ मध्ये तेजीच्या भरात झाली. मंदीनंतर वर्गणी आटली, सरकारला भार उचलावा लागला आणि इमारत लोकांसाठी उघडायला २ मे १८७२ उजाडला. दोन वर्षांनी, ३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी वारले. त्यांचे विखुरलेले निबंध रामचंद्र घोष यांनी १८८८ मध्ये कलकत्त्याहून एकत्र छापले. भगवानलालही त्याच वर्षी गेले. भायखळ्याच्या त्या संग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे.